झेंडी रेघेच्या अलीकडे

दादा, बारा वर्षं मला तुमच्याबद्दल, माझ्याच वडिलांबद्दल, एक संशय आहे. आज तो नीट मांडते.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आपण जिंतूर तालुक्यात, धरणाच्या वसाहतीत राहत होतो. तुम्ही सर्व्हेतले रोजंदारीवरचे खलाशी. आठवडाभर साहेबांच्या दुर्बिणीपुढे पट्टी धरायची आणि हिवाळ्यात त्यांच्या गोल्फच्या सामन्यांना फोरकॅडी व्हायचं. म्हणजे खेळाडूच्या दोनशे पावलं पुढे उभं राहून चेंडू कुठे पडतो ते पाहायचं आणि सापडला की शेजारी लाल झेंडी रोवायची. चुलीपुढे भाकरी मोडताना तुम्ही मला ते काम समजावलं होतं. "चेंडूमागं पळायचं न्हाई. पडला की मागचं झुडूप नजरेत धरायचं अन् त्याच रेषेत चालायचं. हात लावायचा न्हाई. इचारलं तेवढंच बोलायचं." आई म्हणाली, "दोनशे पावलांवरचा चेंडू दिसतो, गिरणीतलं पीठ आणायचं तेवढं दिसंना!" तुम्ही म्हणालात, "पिठाला झेंडी लाव, मंग दिसंल."

शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले आहे आणि पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसले आहे. मोठ्या साहेबांचा चेंडू उजवीकडे भरकटतो. तिकडे चुन्याची रेघ आहे. चेंडू तिच्यापलीकडे थांबला तर बाद. पलीकडे बाभळीच्या बुंध्याशी धूळ उडते. तुम्ही चालत जाता, वाकता. उठता तेव्हा झेंडी रेघेच्या अलीकडे असते, दोन हात. त्यांच्याविरुद्ध खेळणारे पाहुणे साहेब चिडून येतात. "चेंडू बाहेर पडला होता." तुम्ही मान खाली घालून म्हणता, "न्हाई साहेब, हितंच हाय."

मोठे साहेब जिंकले. उन्हाळ्यात तुम्ही नोकरीत कायम झालात. पुढच्या वर्षी तापानं गेलात. पण कायम होतात म्हणून तुमच्या जागी आईला काम मिळालं आणि मी तंत्रनिकेतनापर्यंत पोचले. माझी पदविका त्या दोन हातांवर उभी आहे का, हे मला कधी विचारता आलं नाही.

गेल्या महिन्यात कालव्याच्या मोजणीसाठी तिकडे जाणं झालं. माळ तसाच आहे, रेघ नाही. मी पायरीवर उभी राहिले. तिथून बाभूळ आणि झेंडीची जागा एकाच रेषेत येतात. मोजणीत एका ठाण्यावरून, म्हणजे उभं राहून पाहायच्या एका जागेवरून, दिशा कळते, अंतर कळत नाही. जागा ठरवायला दुसरं ठाणं लागतं, आणि तिथे तुम्ही होतात. बुंध्याशी दगड आहेत. चेंडू आपटून अलीकडे येऊ शकतो. तुम्ही का वाकलात, याचं उत्तर मात्र त्यातून निघत नाही. झेंडी रोवायलाही वाकावंच लागतं. तरी संशय जात नाही.

एक नोंद मी आजवर गाळत आले. त्या दिवशी पाहुणे साहेब माझ्याकडे वळले होते. "पोरी, तू समोरच होतीस. धूळ कुठं उडाली?" मी लगेच म्हणाले, "झेंडीपाशी." संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "तुला खरंच तसं दिसलं व्हतं का गं?" मी हो म्हणाले. तुम्ही अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलात आणि पुढच्या हिवाळ्यात फोरकॅडीला गेला नाहीत.

हा कागद फील्डबुकातच राहील. मला धूळ बाभळीपाशी दिसली होती, दादा.