खुराड्याची कडी

रविवार, ३ मार्च
यॉर्कशरच्या डोंगरातल्या या गावात दोन रात्रींसाठी आलो, त्याला सहा आठवडे झाले. क्वेकर पंथाच्या मंडळींनी प्रार्थनाघराच्या तबेल्यावरची खोली फुकट दिलीय. बदल्यात रविवारी शेगडी आणि चहा, आणि रोज अंधार पडताच शेजारच्या हेस्टरबाईंच्या कोंबड्या खुराड्यात कोंडणे. इथे पाद्री नाही. तासभर सगळे गप्प बसतात. देव ज्याला काही सांगेल तो उठून बोलतो. शेवटी दोन ज्येष्ठांनी हात मिळवले की संपलं. आज मला फक्त म्हाताऱ्या विल्फचं पोट ऐकू आलं.
संकल्प: पंधरा दिवसांत देवाचा आवाज ऐकणे.

मंगळवार, ५ मार्च
काल रात्री चार कोंबड्या गेल्या. सकाळी मॉसच्या तोंडात पीस. मॉस म्हणजे विल्फचा मेंढ्या राखणारा कुत्रा, नाकाने कड्या उघडतो. हेस्टरबाईंनी विचारलं, कडी लावली होतीस ना रे? लावली होती म्हटलं. म्हणजे जवळजवळ आठवतंय. विल्फ म्हणाला, मग मॉसच. दार उघडं असतं तर कोल्हा म्हटलं असतं. आता मेंढ्यांना कोकरं होतील, असला कुत्रा ठेवून कसं चालेल? अठराला, सोमवारी, गुरांच्या डॉक्टरकडे नेऊन कायमचं झोपवायचं इंजेक्शन. मग बराच वेळ नाक शिंकरत बसला.
वाईट वाटलं. मॉसने आधी विचार करायला हवा होता.

गुरुवार, ७ मार्च
हेस्टरबाईंनी आल्याच्या केकचे दोन तुकडे दिले. दोन का? वर म्हणे, झोप लागते ना रे नीट? असं कोण विचारतं? बाईंनी काहीतरी ताडलंय.
सोमवारी मी खुराड्याकडेच निघालो होतो. वाटेत एकाची मोटारसायकल सुरू होईना, ती ढकलत पुढच्या गावापर्यंत गेलो. परोपकारच तो. इंजिन काय सुंदर होतं! कार्ब्युरेटर मात्र बदलायला हवा.

रविवार, १० मार्च, दुपारी १
आवाज आला! अगदी स्पष्ट: कडी. पण सूर माझ्या मावशीचा, म्हणून खात्री मागितली. खरा देव असशील तर विल्फला शिंक आण. विल्फ शिंकला. पण त्याला सर्दी आहे, हा पुरावा धरता येत नाही.
मग हेस्टरबाई उठून म्हणाल्या, आपण मनाचं दार उघडं टाकतो आणि आत काय शिरलं ते बघत नाही. मनाचं म्हणे! नजर माझ्यावरच होती. बुटाची नाडी पाच वेळा बांधली.
अजून एक रविवार हातात आहे. घाई नको.

बुधवार, १३ मार्च
निवेदन तयार: "मित्रहो, या घटनेला आपण सगळेच थोडे थोडे जबाबदार आहोत." कुणाचं नाव नाही, कुणाला लागायला नको. आरशासमोर तीनदा म्हटलं. मॉस जिन्यात बसून ऐकत होता. चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा उठून गेला.

रविवार, १७ मार्च
आवाज: उठ. कोण, मी? पुन्हा: उठ. इतर कुणाला सांगितलंय का, सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हलेना. बाराला दोन मिनिटं कमी असताना उठलो. तोंड उघडलं आणि ज्येष्ठांनी हात मिळवले. विल्फ म्हणाला, चहा टाकायला उठलास होय? गुणी पोर आहेस रे.
टाकला चहा.
विल्फ मॉसला बिस्किट भरवत होता. एरवी त्याला बिस्किट देत नाही.

सोमवार, १८ मार्च, सकाळी ९
विल्फने मॉसला गाडीत चढवलं. मॉस उडी मारून बसला, फिरायला निघाल्यासारखा. मी गाडीपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, कडी मी लावलीच नव्हती. मी तिथे गेलोच नव्हतो. खोटं बोललो.
विल्फने इंजिन बंद केलं. मग विचारलं, देवाने सांगितलं होय? म्हटलं, हो, तीनदा.
तो म्हणाला, आणि पहिल्यांदा काय, बहिरा होतास?

सोमवार, २५ मार्च
खोली गेली नाही. कोंबड्यांचं कामही गेलं नाही. उरलेल्या तिघी अजून माझ्याकडेच आहेत. हेस्टरबाई म्हणाल्या, तूच कर, पण मॉसला बरोबर ने.
रोज संध्याकाळी दोघं जातो. मी कडी लावतो. मॉस पुढे होऊन नाकाने ती तपासतो, मग माझ्याकडे बघतो, आणि पुन्हा एकदा तपासतो.