बदकाच्या तोंडचे शब्द

बाई, तुमचं एक पान मी माझ्या हाताने धुऊन टाकलं. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगायला हवं असं वाटलं.

मी आता मुरबाडला असतो, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. सुट्टी मिळाली की कल्याण-उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडे जाऊन मुलांची जुनी चित्रांची पुस्तकं शोधतो. चड्डीतली अस्वलं, छत्रीवाली बदकं, हॅट घातलेले कोल्हे, असली कार्टूनची. दोन कपाटं भरलीत. बायको म्हणते, "नातवाचा पत्ता नाय, आन् तुमी आताच पुस्तकं जमवताय." तिला काय सांगू, हे वेड तुमच्यामुळे लागलंय. खर्डीच्या पुढे आमच्या पाड्यावरची ती एका खोलीची शाळा. तुम्ही शहापूरहून यायचात, स्टेशनपासून तासभर चालत, आणि शनिवारी तुमच्या पिशवीतून रद्दीतलं एखादं इंग्रजी चित्रांचं पुस्तक निघायचं. आम्हाला इंग्रजी सोडाच, धड्यातली मराठीसुद्धा परकी वाटायची. मग तुम्ही कागदाच्या पट्ट्या कापायचात, त्यांवर टाकाने लिहायचात आणि डबा खाताना प्रत्येकाकडून चार शितं मागून घ्यायचात. ती बोटाने चुरडून आम्ही पट्ट्या इंग्रजीवर चिकटवायचो. तुमचं बदक अस्वलाला म्हणायचं, "कुठं चाललास रे? माज्या राबात पाय घालू नको, भाताचं रोप मोडंल." आम्ही हसून हसून लोळायचो. पुस्तकातलं बदक आमच्यासारखं बोलतं, म्हणजे आमचं बोलणंही पुस्तकात शोभतं, हे मला त्या खोलीत कळलं.

तपासणीला आलेले साहेब अजून दिसतात. ते पुस्तक तुमच्यापुढे आपटतात आणि विचारतात, "ही काय भाषा आहे, बाई?" तुम्ही पदर सावरता. "पोरं शाळेत येतात ती हिच्यासाठी, साहेब. तुमची मागाहून शिकवते." मी पहिल्या रांगेत होतो. साहेबांसमोरच तुम्ही ते पुस्तक उचलून पुन्हा उघडलंत, आणि म्हणूनच तुम्ही मला जास्त मोठ्या वाटलात.

शाळा बंद झाली तेव्हा कपाटात एकच पुस्तक धड उरलं होतं, बाकीची कसरीने खाल्ली होती. ते मी मागून घेतलं. या वर्षी ठाण्याला आम्हा जमवणाऱ्यांचं छोटं प्रदर्शन ठरलं. एका जाणकारांनी पुस्तक चाळलं आणि ते हळहळून म्हणाले, "दुर्मीळ आहे हो, पण या पट्ट्यांनी वाट लावली. काढा त्या." मला दुर्बुद्धी सुचली. पहिल्या पानावर ओला कापूस ठेवला. शितांनीच चिकटवलेलं ते, पाच मिनिटांत सुटलं, आणि तुमचं अक्षर माझ्या डोळ्यांदेखत निळं पाणी होऊन गेलं. खालचं इंग्रजी मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. बदक म्हणत होतं, आज हवा छान आहे, चल बागेत फिरू. बस्स, एवढंच. राब नाही, रोप नाही. तुम्ही इंग्रजीचं मराठी करता असंच मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो. गोष्ट सगळी तुमची होती, आणि तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. बाई, इतकी पुस्तकं जमवली, पण तुमच्या तोडीचं लिहिणारं मला कोणी भेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो. आमच्या वर्गातली एकजण, आता दोन सुनांची सासू, अंगणात भात वाळवत होती. मी काय केलं ते ऐकून ती उसळलीच. "बाईंचं धुतलंस? आरं, हात कसा झाला तुजा?" आणि मग तिथेच उभ्या उभ्या तिने पानावरच्या चार ओळींपैकी तीन घडाघडा म्हणून दाखवल्या. चौथीशी मात्र अडली. "बदक शेवटाला काय बोललं, ते नाय आठवत रे."

मला तरी कुठे आठवत होतं. घरी येऊन तीन पट्ट्या लिहिल्या, भाताने चिकटवल्या. चौथी जागा रिकामी बघवेना. दोन दिवस विचार केला आणि लिहिलं, "ये रे अस्वला, पाय धू आन् पेज पिऊन जा." खाली चिठ्ठी लावली, शब्द बाईंचे, अक्षर विद्यार्थ्याचं. बाकीच्या पानांना हात लावला नाही. प्रदर्शनात लोक तुमच्या पुस्तकापाशीच थांबत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती शेवटची ओळ दोनदा मोठ्याने वाचली, चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "हेसुद्धा तुमच्या बाईंचंच का हो?"

मी हो म्हणालो. तुमची म्हणून ती ओळ खपली, याचा मला आजही चोरटा आनंद होतो. पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर एवढं मी गाळलं असतं.