देवाला सोडलेला बोकड

४ ऑगस्ट
पोहोचलो एकदाचा! बोरीहून आत येताना जीपनं हाडं खिळखिळी केली, पण गाव झकास आहे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. धुरपताबाईंनी ओसरीलगतची खोली दिली, वर गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांचा मुलगा महारुद्र तापानं अंथरुणाला खिळलाय. तो उठावा म्हणून त्यांनी बोकड देवाला सोडलाय, जत्रेत कापायचा. खूण म्हणून कानाला खाच पाडलीय. तिच्यावर माशा घोंघावतायत. उद्या बघतो.

५ ऑगस्ट
कानात किडे पडलेत. टर्पेंटाइनचा बोळा धरताच अळ्या वळवळत वर आल्या. चिमट्यानं वेचून वाटीत घेतल्या, जखम धुऊन कडुलिंबाचं तेल लावलं. बोकड निवांत रवंथ करायला लागला. वाटीतल्या अळ्या तेवढ्या जाळायच्या राहिल्या.

७ ऑगस्ट
कान पुन्हा गच्च भरलेला. इतक्या लवकर एवढ्या मोठ्या अळ्या? सगळं पहिल्यापासून केलं. डोक्याला ताप नुसता.

८ ऑगस्ट
आज समजलं. वाटीतल्या अळ्या धुरपताबाई बोटानं उचलून परत कानात ठेवत होत्या! ओरडलोच मी. त्या शांतपणे म्हणाल्या, देवाच्या जनावरावर आलेलं समदं देवाचंच हाय, ते काढायचं न्हाई. आता कुठं डोकं आपटू?

१० ऑगस्ट
बोकड मेला. हकनाक. महारुद्रचा ताप चढलाय. दुसरा बोकड आणा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, ज्यानं मधी हात घातला त्यानंच भरून द्यायचं.

११ ऑगस्ट
त्यांनी दिलेलं ताक प्यायलो, दुपारी मेल्यासारखी झोप लागली. उठलो तर कान जळतोय. आरशात पाहिलं — खाच.

१२ ऑगस्ट
जिंतूरच्या दवाखान्यात निघालो. वेशीवर सरपंच लिंबाजींनी हात जोडून अडवलं. सोडलेलं जनावर येस वलांडत न्हाई म्हणे! मोबाइल, औषधाची पेटी, सगळं काढून घेतलं. मी माणूस आहे, माणूस! किती वेळा सांगू?

१४ ऑगस्ट
कानात हलतंय. बोटानं एक काढली. बाईंनी मायेनं ती माझ्याकडून घेतली, आणि परत —

१५ ऑगस्ट
महारुद्र उठून बसला. बाई आनंदानं रडल्या. माझ्या पाया पडल्या —

१७ ऑगस्ट
आज जत्रा. बाहेर हलगी. महारुद्रच कळशी घेऊन येतोय. अंगावर पाणी टाकल्यावर जनावरानं अंग झाडलं, की देवाला ते मान्य. नाही झाडलं तर कापत नाहीत.
ठीक. मी हलणार नाही. अजिबात नाही. फक्त या अळ्या — आत, खोल — अशा काही वळवळतायत, की मान आपोआप —