आप्पांचं फेरवजन

आप्पा,

पाया पडतो असं लिवत न्हाय. तुमी लगेच म्हणणार, "विक्या पाया पडाय लागला म्हंजी कायतरी करून आलाय." तर व्हय, करून आलोय. संभातात्या रोज तुमच्या फोटोला हार घालायला येत्यात, त्येंनी चुगली करायच्या आत आपणच सांगावं म्हणून लिवाय बसलोय.

उद्यापासनं आपली फुटबॉलची टूर्नामेंट. तुमी शिट्टी वाजवणार न्हाय अशी पहिलीच. नाव ठेवलंय 'आप्पा चषक'. आपल्या पिंपळीच्या फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय, ट्रकच्या फाळक्यायेवढा. फोटो काळ्या ड्रेसमधला, गळ्यात शिट्टी, आन तोंड असं की आत्ता कुणाला तरी पिवळं कार्ड दावणार. काकू बघून म्हणली, "घरात बी असंच बघायचे."

भांडण झालं ते फोटोखालच्या ओळीवरनं. ती संभातात्यांनी लिवून दिलती. कमिटीचे अध्यक्ष, त्यामुळं लिवणार तेच. 'ज्यांची शिट्टी कधी चुकली नाही.'

आप्पा, खरं सांगा. चुकली नव्हती व्हय?

मागच्या सालची फायनल इसरला का? आपण आन शेळगाव. हिकडं बारामती तालुका, तिकडं इंदापूर तालुका, आन मधी पुतण्याच्या मॅचला पंच म्हणून चुलता! तुमी आधीच म्हणला हुता, "मला ही मॅच देऊ नका." पण शेळगाववालेच म्हणलं, आप्पाच पायजेत. ह्येचा मला त्या वेळी लई राग आलता. दुसरा पंच असता तर निदान घरात तरी शिव्या घालता आल्या असत्या!

उजवीकडनं बॉल आला, मी डोकं लावलं, जाळ्यात! तुमी शिट्टी फुंकली आन मधल्या ठिपक्याकडं हात केला, म्हंजी गोल. हलगी सुरू झाली. मी शर्ट काढून शेळगावच्या पब्लिकपुढं असा नाचलो की त्यांच्यातली एक म्हातारी म्हणली, "ह्या पोराला कुणीतरी पाणी पाजा रं, चढलंय त्येला."

आन मग त्यांचा कॅप्टन सागर आला तुमच्यापुढं. वरडला न्हाय, हात जोडून म्हणला, "आप्पा, उजवीकडनं मारायच्या आधीच बॉल रेघंच्या भाईर गेलता. फेरवजन करा."

त्येच्या मागनं कोण तरी बोंबललं, "काट्यावरचा माणूस हाय त्यो! गावच्या पोरासाठी काटा मारणारच!"

सगळी हसली. माझ्या गावची बी हसली. अख्खी हयात कारखान्याच्या काट्यावर ऊसाच्या गाड्या जोखल्या तुमी. गाडीवाल्याला आकडा पटला न्हाय की गाडी परत काट्यावर घ्यायची, त्येला फेरवजन म्हणत्यात, हे हितल्या शेंबड्या पोराला बी ठाव हाय. आन 'काटा मारला' ही शिवी तुमाला किती लागती हे मला ठाव हाय. जेवताना कुणी म्हणलं तर ताट सरकवायचा तुमी.

पण तुमी कुणाकडं बघितलं बी न्हाय. बबलू शूटिंगवाल्यानं मॅच यूट्यूबवर लाईव लावलती, आन लग्नात लावत्यात तसला मोठा पडदा स्टेजवर उभा केलता. तिकडं बघत उभं राहिला. पंचानं पडद्यात बघायचं असं आपल्या नियमात कुठंच नव्हतं. संभातात्या माईकवरनं वरडत हुते, "पंचाचा निकाल म्हंजी निकाल! आप्पा, खेळ चालू करा!" बबलू मोबाईल घिऊन पळत आला, बारीक आवाजात म्हणला, "आप्पा, हितं बघा गुपचूप. कुणाला कळायचं न्हाय."

तुमी म्हणला, "मी एकटा बघणार न्हाय. आकडा गाडीवाल्याला दिसत नसंल तर त्येला काटा म्हणत न्हाईत. पडद्यावर लाव. सगळ्यांस्नी दिसू दे."

बबलूनं लावलं. आन काय लावलं! सगळं स्लो मोशन, वरनं गुलाबाच्या पाकळ्या पडत्यात, सनई वाजतीय, आन माझ्या टकुऱ्याभवती लाल बदाम! लग्नाचं सेटिंग काढायचं राहिलं हुतं त्येचं. अख्खं ग्राउंड लोळलं. शेळगाव बी, पिंपळी बी. एकटं तुमीच हसला न्हाय. त्या पाकळ्यांतनं तुमी फक्कीची रेघ बघत हुता.

बॉल भाईर हुता. सगळाच्या सगळा.

तुमी हात आडवा केला. गोल न्हाय.

मघाशी तुमच्या शिट्टीवर नाचणारी आपलीच माणसं काय काय बोलली ते लिवत न्हाय, काकू वाचून घेणार हाय ह्ये. मग पेनल्टीवर आपण हरलो. मी तर घरी येऊन बूट बी काढलं न्हाईत. दिवस मावळायच्या आत तुमी आला, उंबऱ्यावर बसला.

"रागावलास व्हय?"

"बघाया नगं हुतं तुमी. शिट्टी वाजली हुती की!"

"व्हय. वाजली हुती."

"मग?"

"विक्या, उद्या शेळगावचं पोरगं ऊस घिऊन काट्यावर येतंय. त्येनं आकड्याकडं बघावं का माझ्या तोंडाकडं?"

हेडमास्तरला बी गप केलंय मी. तुमाला बी गप करावं म्हणून चहात मीठ टाकलं. तुमी अख्खा कप पिला आन म्हणला, "झ्याक झालाय." ह्येला काय अर्थ हाय, आप्पा? चेष्टा वाया घालवायची असती व्हय अशी?

पुढं गावात सालभर एकच इषय. पडदा पायजे का नगं. पब्लिक म्हणायची, त्यो पडदा आला तर मजा जाईल, गोल झाला तरी नाचायचं का थांबायचं कळंना. खरं हाय ते, मला बी पटायचं. हलगीवाला तर तुमच्या दारात येऊन म्हणला, "आप्पा, गोल झाल्यावर वाजवू का पडद्याची वाट बघू? काडी वर धरून खांदा दुखंल की."

तुमी म्हणला, "वाजव की. गोल गेला तर गेला. वाजवलेलं कोण परत मागतंय?"

आन ज्यांस्नी शिट्टी वाजली की पडदा बघायची घाई, त्यांस्नी बी झापलं तुमी. "सारखं फेरवजन मागाय लागला तर गाड्यांची रांग माळेगावपतूर जाईल. एका टीमला एकदाच. आन पडद्यात नीट दिसलं न्हाय तर शिट्टी कायम." टीव्हीवर ती मोठमोठी पंच कानात बोट घालून उभी राहत्यात, काय चाललंय कुणालाच कळत न्हाय, ते बघून तुमी म्हणायचा, "ह्येंचा आकडा आतल्या बाजूला हाय."

एक राग हाय माझा तुमच्यावर. बोलू का? डाक्टरनं सांगितलं हुतं, छातीची ईसीजीची पट्टी परत काढून बघू, आठवड्यानं या. गेला का? "एकदा बघितलंय की" म्हणला. रेघंच्या पल्याड गेलेल्या एका बॉलसाठी अख्खी मॅच थांबवली, आन स्वतःच्या छातीसाठी माळेगावच्या स्टँडजवळच्या दवाखान्यापतूर जायला जमलं न्हाय? तितं नगं हुतं व्हय फेरवजन?

जाऊ द्या. आता मेन गोष्ट.

मागच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग झाली. संभातात्या उभं राहून म्हणलं, "आप्पांच्या आठवणीखातर यंदा पडदा बंद. पंचाचा मान राखायचा." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सागरचा मला फोन. "आमी येत न्हाय रं यंदा."

"का?"

"आप्पा हुते तवा पडदा नसता तरी खेळलो असतो. आता आप्पा बी न्हाईत आन पडदा बी न्हाय. मग कुणाच्या भरवशावर खेळायचं?"

आप्पा, फोन ठेवल्यावर मला काय वाटलं सांगू? रडू यायला पायजे हुतं. पण छाती अशी फुगली! ज्या गावानं 'काटा मारला' म्हणलं, त्ये गाव म्हणतंय तुमच्याबिगर पडदा लागतो!

मग मी गेलो बारामतीला, फ्लेक्सच्या दुकानात. तोंड एकदम गरीब करून म्हणलं, "अध्यक्षांनी पाठवलंय. एक ओळ बदलायचीय." त्या बिचाऱ्यानं बदलली. सकाळी फाट्यावर फ्लेक्स लागला तवा तुमच्या फोटोखाली लिवलं हुतं:

'एकदा चुकले. सगळ्यांसमोर बघितलं. स्वतःच बदललं.'

आठ वाजायच्या आत संभातात्या आपल्या दारात. "कुठाय ते कार्टं? मेलेल्या माणसाची चूक चौकात टांगली! लाज हाय का?" माझा बाप माझ्याकडं बघतोय, मी म्हशीमागं. काकू मधी आली. म्हणली, "आधी बघू तरी काय लिवलंय." गेलो समदी फाट्यावर. काकूनं चष्मा लावून सावकाश वाचलं. परत वाचलं.

"हे खोटं हाय," म्हणली.

मेलो, म्हणलं.

"'एकदा' कुठलं? लई वेळा चुकायचे. आन माझ्यासंगं भांडताना तर एकदा बी बदललं न्हाय!"

आधी फाट्यावरचा रिक्षावाला हसला, आन मग समदीच. काकूनं डोळं पुसलं. "संभाभाऊजी, त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्येंनी. म्हणलं, गाव हरलं, पोरगं रुसलं, आन तुमाला भूक कसली लागतीया? तर म्हणलं, 'आज काटा बरोबर लागला.' राहू द्या ह्यो फ्लेक्स."

संभातात्यांनी बी ती ओळ परत एकदा वाचली. मग खिशातनं फोन काढला. "बबलू, पडदा घिऊन ये उद्या. एका टीमला एक फेरवजन. व्हय, पब्लिककडं तोंड करून लाव. आन त्या पाकळ्या काढ पहिल्या!"

शेळगाव येतंय आप्पा. सागरनं फ्लेक्सचा फोटो स्टेटसला ठेवलाय.

उद्या मी कॅप्टन हाय. आमच्या वाटणीचं फेरवजन मागायचा हक्क माझा. तर तुमाला शब्द देतो. शिट्टी वाजली, आन माझा गोल खरा न्हाय असं मला वाटलं, तर ते एकुलतं एक फेरवजन मी माझ्याच गोलाचं मागीन. गाव शिव्या घालंल. घालू दे.

फक्त त्येच्या आधी थोडं नाचून घेईन. तेवढं चालवून घ्या.

तुमचाच,
विक्या