दहा मिनिटं ओली लादी

आये,

तू जाऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुला लिहायला बसलोय. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे. मी हल्ली नागपुरात असतो. फिनेल, ब्लीचिंग, झाडू, हातमोजे असलं साफसफाईचं सामान विकणाऱ्या दुकानात. ही सहावी नोकरी. "बुडाला मुंग्या लागल्यात काय रं मेल्या तुझ्या?" असं तू म्हणायचीस, त्या अजून लागलेल्याच आहेत. हीही नोकरी सोडायचं मनात पक्कं होत आलं होतं.

तेवढ्यात एक ताई आल्या, पाळणाघर चालवणाऱ्या. त्यांच्याकडच्या दोन लेकरांना उलट्या-जुलाब लागलेले, डॉक्टर म्हणाले विषाणू आहे, एकाचं दुसऱ्याला होतं. "भाऊ, जंतू मारायचं काही द्या, पण वास चांगला पाहिजे." मी गुलाबाच्या वासाचं पाच लिटरचं कॅन पुढे केलं. "सगळे जंतू खल्लास," म्हणालो. वाचलं काहीच नव्हतं. चार दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा आणखी तिघं आजारी पडली होती. "दोन आया म्हणून राहिल्या, लेकरं काढून घेतो. असंच चाललं तर मले कुलूपच लावावं लागते, भाऊ." त्या मला शिव्या देतील असं वाटलं, पण त्या नवीन कॅन मागत होत्या. तेच, गुलाबाचं. माझ्यावर विश्वास ठेवून.

मी कॅन फिरवलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून एकेक शब्द लावत वाचलं. विषाणूचं नावच नाही त्यात. मग विचारलं, डॉक्टरांनी काही लिहून दिलंय का? त्यांनी पर्समधून घडीचा कागद काढला. पहिल्या दिवशीही तो तिथेच होता, मी विचारलं नव्हतं एवढंच. कागदावर लिहिलेलं : आधी घाण पुसून साबणाने धुवा, मग हायपोचं पाणी मारा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. हायपो म्हणजे आमच्याकडचं पातळ ब्लीच.

ते वाचलं आणि तू दिसलीस बघ. मांडवीच्या त्या दवाखान्यातली लांब खोली, दोन्ही खिडक्या सताड उघड्या, तू साडीचा काष्टा खोचून गुडघ्यांवर बसलेली, आणि मी डबा द्यायला आलेला, धावतच आत शिरतो. पोछ्याचा दांडा सटकन नडगीवर बसतो. "वली हाय लादी, दिसत नाय? वली हाय तवर औषध काम करतं. सुकली का संपलं." मी नडगी चोळत रडतोय आणि तू खाटेखालच्या कोपऱ्यातून हात फिरवतेयस, कुणी बघत नसताना. त्या दिवशी तू मला जवळ घेतलं नाहीस. तुझ्या हातांना औषध होतं म्हणून, हे मला आत्ता कळलं.

मी म्हटलं, "ताई, चूक माझी. हे चालत नाही तुमच्या कामाला." मागून शेठ खाकरले. मी न ऐकल्यासारखं केलं आणि दुपारी हायपो घेऊन ताईंच्या पाळणाघरातच गेलो. लेकरं अंगणात काढली, खिडक्या उघडल्या, मोजे घातले. संडास धुवायचं ॲसिड ह्यात चुकूनही मिसळायचं नाही, धूर निघतो, श्वास कोंडतो, हे दोनदा सांगितलं. पाणी मारलं तर ताई लगेच कोरडं फडकं घेऊन वाकल्या. "थांबा!" मी ओरडलोच. "अहो, किती वेळ?" "दहा मिनिटं." मग आम्ही दोघं दारात उभे. दहा मिनिटं किती लांब असतात आये, मला माहीतच नव्हतं. मी तर आयुष्यात कुठे दहा मिनिटं उभा राहिलो नाही. अंगणातून एक चिमुरडी ओरडली, "काका, आमची फरशी बुडाली काय?" ताई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात. मग साध्या पाण्याने सगळं पुसून काढलं, आणि लेकरांचे हात साबणानेच धुवायचे, असं भिंतीवर लिहून आलो, माझ्या अक्षरात.

दोन आठवडे झाले, नवीन कुणी पडलेलं नाही. औषधाने की आपसूक, मी सांगू शकत नाही. पण एक आई लेकराला परत घेऊन आली, दुसरी सोमवारपासून पाठवतेय. दुकानात आता गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, कशासाठी हवंय, कोण आजारी आहे. शेठ म्हणतात, "डॉक्टर झालास काय बे?" तरी अवघड गिऱ्हाईक आलं की माझ्याकडेच ढकलतात. नोकरी सोडायचं मी सध्या राहू दिलंय.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, उशीखालीच राहील. एकच सांगायचं होतं, म्हणून एवढं लिहिलं. त्या दिवशी दारात उभं असताना ताईंनी विचारलं, "हे सगळं शिकले कुठं तुम्ही?" मी म्हटलं, "माझी आई नर्स होती." चूक कबूल केलेल्या तोंडानेच हे खोटं बोललो. सोमवारी त्या माल न्यायला येणार आहेत. तेव्हा सांगतो, की तू लादी पुसायचीस.