माझ्या डाव्या पायाची चाल

मी, नगरपालिकेच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वखुशीने करत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पायाबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. ते मलाच लिहावे लागेल.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या पश्चात धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या गायिका पुतणीला मिळाव्यात. मला मूलबाळ नाही. भाऊ-भावजय लवकर गेले, ती इथेच वाढली. मागचे दार जरा उचलून लावावे लागते, हे तिला ठाऊक आहे. औषधपाणी भागून बँकेत जे उरेल तेही तिचेच.

२. गणवेश शेजारच्या शिंप्याला द्यावा. लहानपणच्या तापापासून माझा डावा पाय घासत चालतो. शिंप्याने विजारीचा तो पाय जन्मभर बोटभर लांब शिवला आणि कधी चकार शब्द काढला नाही. बँडमास्तर मात्र सर्वांदेखत म्हणाले होते, "लोक कवायत बघायला येतात, तुझी फरफट नाही." मास्तर केव्हाच गेले. त्यांच्यावरचा राग मी सोबत नेईन, तो कुणाच्या वाट्याला घालू नये.

३. झांजवाल्या दोस्ताला काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे. माझा पाय घासला की नेमकी त्याच वेळी तो झांज वाजवायचा, घासल्याचा आवाज तिच्यात बुडायचा. न बोलता ठरलेले होते.

४. मोठा ड्रम पट्ट्यासकट पुतणीला.
तिला तिच्या गाण्यात बँडची चाल हवी होती. म्हणाली, "काका, तुम्हीच वाजवा." स्टुडिओत मला एका जागी उभे केले आणि माझा ठेकाच कोलमडला. सगळी नोकरी चालत वाजवण्यात गेलेली. पाय थांबले की हात थांबतात. तिथली पोरे खाली बघू लागली. मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काकांना चालू द्या." लांब वायरीचा माइक छातीशी बांधून मी बाहेरच्या बोळात फेऱ्या मारत वाजवले. झकास जमले. घरी खुशीत आलो.

पुढे ते गाणे न्हाव्याच्या दुकानात ऐकले, अर्धी दाढी झालेली असताना. ढम, घस्स. ढम, घस्स. स्टुडिओत झांज नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. तसाच उठून घरी आलो.

आता गल्लीतली पोरे डावा पाय फरफटत त्या गाण्यावर नाचतात. मी रस्त्याने निघालो, तर एकाने पाठीवर थाप मारली, "आजोबा, या वयात काय भारी नाचता!" त्यानंतर मी दुधालाही बाहेर पडलो नाही.

पुतणी आली तेव्हा मी म्हणालो, "काढून टाक तो आवाज."
"काका, तोच तर ठेका आहे. ड्रम काय, कुणीही वाजवेल."
"ते माझं व्यंग आहे. गावभर वाजवतेस!"
ती रडवेली झाली. "आई गेल्यावर तुम्ही मला खांद्यावर टाकून फेऱ्या मारायचात. मी त्या आवाजावर झोपायचे. मला तो कधी लंगडा वाटलाच नाही."
मी म्हणालो, "चालती हो."
हा शब्द मी तिला म्हणालो. मी.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला थांबू नये, असे त्यांनी बजावले आहे. म्हणून आज निरोप धाडल्यावर आलेली पुतणी खाली जिन्याशी उभी आहे. सह्या झाल्या की कुणी तिला हाक मारू नये. मी स्वतः खाली जाईन. पायरीपायरीला आवाज होईल, तो ती ऐकेल, आणि मला लाज वाटेल. तरी जाईन.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तीच.
सही: (मोठा ड्रमवाला)
आमच्यासमोर सही केली म्हणून साक्षीदार:
१. (झांजवाला)
२. (न्हावी)