पिवळी खूण आली की बंद करायची

प्रिय माय,

तुझ्याच खुर्चीवर बसून लिहिते आहे. तेरवी होऊन आठ दिवस झाले, उद्या मी वरोऱ्याला परत जाणार. जाण्याआधी तुझा कॉम्प्युटर सुरू केला आणि खालच्या कोपऱ्यात ती पिवळी खूण आली. अपडेट तयार आहे, घ्यायचं का, असं विचारणारी. माझा हात आपोआप ती बंद करायला गेला. तेवढ्यात कीबोर्डखालची तुझी वही दिसली.

पहिल्याच पानावर तुझं गोल अक्षर. एक, मागचं बटण दाबायचं. दोन, पडदा उजळेपर्यंत थांबायचं. तीन, पिवळी खूण आली की बंद करायची, मंगलनं सांगितलं.

माय, का सांगितलं होतं गं मी तुला हे?

मोहल्ल्यात फोन एकट्या तुझ्या घरी. शेजारच्या यशोदाकाकीचा मुलगा सुरतेहून दर रविवारी त्याच्यावर बोलायचा. आणि नर्सची नोकरी संपली तरी खेड्यांतून तुला विचारणा यायचीच, कळा सुरू झाल्या, दवाखान्यात न्यायचं की थांबायचं? इंटरनेटही त्याच तारेवरून. एक अपडेट उतरायला दोन-तीन तास, तोवर फोन मुका.

"कोनाचा कवा फोन येईन, सांगता येते काय वो?" तू म्हणालीस.

आणि मी पोळी खाता खाता म्हणाले, "मंग बंद करत जाय ना ते. काई होत नाई."

काही होत नाही! आणि हे सांगत कोण होतं? वरोऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिणारी बाई, की अपडेट टाळू नका, मशीनमध्ये राहून गेलेल्या फटी त्यानं बुजतात, नाहीतर त्यातूनच नको ते आत शिरतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बरं, सीडीवर घालून आणता आलं असतं. क्लासमध्ये सगळं होतं. दर दोन महिन्यांनी येताना मी पिशवीत तुझ्यासाठी चिवडा आणायचे, पण ती एक सीडी काही आणली नाही. विसरले असंही नाही. पुढच्या खेपेला नेऊ, पुढच्या खेपेला नेऊ, असं करत राहिले.

तू त्या मशीनवर पत्ते खेळत असतीस तर एक वेळ चाललं असतं. पण तू जन्म टाइप करत होतीस. तुझ्या हातून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद तू स्वतःच्या वह्यांत ठेवलीस. गाव, आईचं नाव, दिवस, वेळ, मुलगा की मुलगी. दुसरीकडे कुठेच नोंद नसलेली माणसं दारात येऊन उभी राहायची, "बाई, माया पोरीची जन्मतारीख पाहून द्या ना, दाखला काढाचा हाये." वह्यांना वाळवी लागली म्हणून तू दोन बोटांनी एकेक नाव आत घालू लागलीस. एक वही संपली की चुलीत. तेही मीच सांगितलं होतं. आता वह्या कशाला ठेवतं माय, साऱ्या घराले वाळवी लागन!

मग यशोदाकाकी मुलीच्या लग्नाच्या फोटोंची सीडी घेऊन आली. तू कौतुकानं लावलीस, अर्धा मोहल्ला दारात बसून बघत होता, तू सगळ्यांना चहा केलास. चार दिवसांनी मशीन आपोआप बंद-सुरू व्हायला लागलं. फाईल उघडली तर नुसती चौकटी-चौकटींची रांगोळी. वडशाचा दुरुस्तीवाला म्हणाला, सारं पुसा लागते. तू हो म्हणालीस.

ते तिच्या सीडीतून आलं, हे काकीला तू शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस. मला फोनवर एवढंच, "फाईल गेली वो. असू दे. आठवते मले बरंचसं." रागावली का नाहीस गं? दोन शिव्या घातल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं!

आणि मी काय केलं? दार कुठून उघडं राहिलं होतं ते मला ऐकताक्षणी कळलं, पण सांगायला लाज वाटली. गप्प बसले. तू नवी वही घेऊन पुन्हा गावोगाव फिरलीस. बायकांना विचारलंस, तवा धानाची रोवणी सुरू होती काय? मोहफुलं पडत होती काय? बाजाराचा दिवस होता काय? त्यावरून तारखा जुळवून जमेल तेवढी यादी पुन्हा टाइप केलीस. आणि पिवळी खूण पुन्हा रोज बंद करत राहिलीस, कारण मी माझा शब्द मागे घेतलाच नव्हता.

तुझी लशींची जुनी पेटी अजून माळ्यावर आहे. ती खांद्याला अडकवून, नाल्यातून कमरेइतक्या पाण्यातून तू दुसऱ्या डोससाठी जायचीस. मी लहान होते, एकदा सोबत आले होते. एक बाई म्हणाली, "एक डोस झाला ना बाई, पोरगं त चांगलं हाये." तू तिच्या ओसरीवर फतकल मारून बसलीस. "चांगलं हाये तवाच द्या लागते." डोस दिल्याशिवाय उठली नाहीस.

अशा बाईला मी एका वाक्यात सांगितलं असतं, की माय, हा डोस आहे, तर तू तो एकदा तरी चुकवला असतास? क्लासमधल्या पोरींना मी कारण सांगते. तुला फक्त बटणं दाखवली. तुला काय कळणार, असं मला वाटलं. खरं सांगते, फाईल गेल्यापेक्षा हे जास्त टोचतं.

म्हणून आज सकाळी दहाला मी हो म्हटलं. बाराच्या सुमारास यशोदाकाकी दारात. "काऊन वो मंगल, फोन बिघडला काय? पोराचा फोन लागून नाई राह्यला, त्यानं पार तिकडे चौकातल्या दुकानावर निरोप देला."

मग मी तिला सगळं सांगितलं. फोन का अडला ते, याआधी कधीच का अडू दिला नाही ते, फाईलचंही. तिच्या सीडीचं तेवढं गाळलं. तू गाळलं होतंस ना? "डोस देऊन राह्यली काकी, कॉम्प्युटरले," मी म्हटलं.

काकी उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मंग तवाच सांगाचं होतं ना. बाईनं डोस हाये म्हटलं त आमी कवा नाई थांबलो वो?"

इतकी वर्षं ज्यांच्यासाठी फोन मोकळा ठेवला, त्यांना आपण एकदाही विचारलं नाही माय. मी रडले. काकीही रडली.

मशीन मी वरोऱ्याला नेते आहे. प्रत्येक अपडेट वेळेवर घेईन आणि दर महिन्याला यादीच्या दोन सीडी करीन. एक माझ्याकडे, एक काकीच्या लोखंडी पेटीत. गावोगाव नेलेल्या तुझ्या वहीत सात गावं विचारायची राहिली आहेत. उन्हाळ्यात क्लास बंद असतो, तेव्हा ती वही घेऊन मी तिकडे जाईन. तुला आठवायचं तेवढं मला विचारून मिळणार नाही, पण ओसरीवर बसून राहता येईल मला.

कीबोर्डखालच्या वहीतली तिसरी ओळ मी खोडली नाही. माझीच चूक आहे, राहू दे. खाली चौथी लिहिली आहे. पिवळी खूण आली की डोस घ्यायचा, मोहल्ला थांबतो.

तुझी,
मंगल